पाकिटातली छोटी पुडी

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे विषय छापला आहे 'तंत्रज्ञान, समाज आणि शिक्षण'. विषय एवढा मोठा, की त्यावर विद्यापीठात तीन दिवसांचे चर्चासत्र भरावे, दोन्ही वेळचे जेवण व्हावे आणि प्रमाणपत्रे वाटून मंडळी घरोघर जावीत. आपल्याला तेवढी सवड नाही. रोहिण्या तोंडावर आल्या आहेत, आणि इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या खिशात बियाण्याच्या दुकानाची चिठ्ठी आहे. तेव्हा त्या चिठ्ठीपासूनच सुरुवात करू.

तंत्रज्ञान म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? ट्रॅक्टर, ठिबक, मोबाईल, फवारणीचा ड्रोन. २०२५ साली राज्य सरकारने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून पुढाऱ्यांच्या भाषणात हा शब्दही पिकू लागला आहे. या सगळ्या वस्तू झाल्या. शब्द मात्र नीट पाहा. तंत्र आणि ज्ञान, असे त्याचे दोन तुकडे आहेत. तंत्र म्हणजे काम कसे करायचे, आणि ज्ञान म्हणजे ते तसेच का करायचे. पहिला तुकडा दुकानात मिळतो, पाकिटात भरता येतो, त्याचे बिल फाडता येते. दुसरा पाकिटात मावत नाही. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या शिवारात पहिला तुकडा धो धो आला आणि दुसरा दुकानाच्या पलीकडेच राहिला, असे आमचे म्हणणे आहे. हे शेतकऱ्याच्या अडाणीपणामुळे झाले, असे कोणी म्हणत असेल तर ते साफ खोटे आहे. कसे, ते सांगतो.

चाड्यावरची मूठ

आपल्या आजोबांची तिफण आठवा. तीन फण, वर चाडे, चाड्यातून खाली उतरणाऱ्या नळ्या. आऊत हाकायला पुरुष आणि चाड्यावर मूठ धरायला बाई. दाणे किती सोडायचे, ओल कमी असली तर मूठ किती सैल करायची, तास वळताना कधी आवळायची, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. ते त्या बाईच्या बोटांत होते. मागून सरत्यावर दुसरी बाई तुरीचे बी टाकीत असे. तिफणीचे लाकूड दोनचारशे रुपयांचे असेल. खरे तंत्रज्ञान त्या दोन बायांच्या हातात होते. शिवाय ते दिसत होते. पोर बांधावर उभे राहून पाहायचे, चुकीच्या जागी दाट उगवले की आजी कोणावर ओरडते आणि का ओरडते ते ऐकायचे. शिक्षण दुसरे कशाला म्हणतात?

मग ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र आले. पेटीखाली भोकांची चकती. चकती बदलली की पीक बदलले. मुठीतले शहाणपण चकतीत गेले. याचा फायदा झाला, मोठाच झाला. वाफसा दोन दिवस टिकतो. त्या दोन दिवसांत दहा एकर पेरून होऊ लागले, ते तिफणीने कधी झाले नसते. त्यामुळे तिफणीचे दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही. ज्यांना ते दिवस फार गोड वाटतात त्यांनी एक हंगाम बैलामागे चालून पाहावे. पण त्या चकतीने घरात काय केले तेही पाहिले पाहिजे. पेरणीच्या दिवशी ज्या बाईला विचारल्याशिवाय आऊत शेतात जात नव्हते, ती आता दुपारी भाकरी घेऊन बांधावर येते. यंत्रामागे माणूस असतो तो ट्रॅक्टरवाल्याचा. बियाणे किती पडले याचा हिशेब त्याला ठाऊक.

तणनाशकाचेही तेच. निंदणाची मजुरी वाचली, ती शेतकऱ्याची वाचली. निंदणाची मजुरी बुडाली, ती मजूरबाईची बुडाली. दोन्ही खरे आहे. उन्हातान्हात वाकून निंदणारीची कंबर काय म्हणते ते तिला विचारा. ते काम गेले म्हणून गळा काढणाऱ्यांनी कधी खुरपे धरलेले नसते. पण त्या कामाबरोबर श्रावण-भाद्रपदातला हातातला पैसा गेला आणि त्याच्या बदल्यात दुसरे काम गावात आले नाही, हे आपल्या सभेत बोलले गेले पाहिजे. आपल्या अर्ध्या सभासदांच्या घरातून कोणी ना कोणी दुसऱ्याच्या शेतात जातेच.

पाच ओळींची सोयरीक

आता कपाशीकडे येऊ, कारण तंत्र आणि ज्ञान यांची फारकत कपाशीत जेवढी स्वच्छ दिसते तेवढी दुसऱ्या पिकात दिसत नाही.

एके काळी सरकी घरची होती. जिनिंगमधून आपलीच सरकी आणायची, शेणामातीत चोळायची आणि पेरायची. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण काढला. शेतकऱ्याच्या शेतात संकरित कपाशी नेणारा जगातला पहिला देश आपला. उत्पादन वाढले. पण संकरित वाणाची सरकी पुढल्या वर्षी पेरली की झाडे एकसारखी येत नाहीत, त्यामुळे दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. घरची सरकी तेव्हा सुटली. बीटी त्यानंतर तीस वर्षांनी आले. दोन्ही गोष्टींची गल्लत करून बीटीने बियाणे हिरावले असे सांगणारे बरेच भेटतात, म्हणून हे सांगितले.

नव्वदीच्या दशकात हिरव्या बोंडअळीने काय केले ते इथल्या पांढऱ्या केसांना आठवत असेल. दहा-दहा, पंधरा-पंधरा फवारण्या. देशात वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी निम्मी, किंवा त्याच्या आसपास, एकट्या कपाशीवर पडत होती आणि तरी अळी मरत नव्हती. मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला सरकारी मान्यता मिळाली. त्याच वर्षी आमच्या हाती कृषी पदवी आली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले, त्यामुळे झाडच अळीला मारक असे प्रथिन तयार करू लागले. फवारण्या उतरल्या. २००२-०३ मध्ये देशात १३६ लाख गाठी कापूस झाला, २०१३-१४ मध्ये ३९८ लाख. यात गुजरातच्या सिंचनाचा, वाढलेल्या क्षेत्राचा, नव्या कीटकनाशकांचाही वाटा आहे. सगळे श्रेय एकट्या बीटीला देणे बरोबर नाही. पण शेतकरी खुळे म्हणून त्यांनी बीटी घेतले, हेही कोणी सांगू नये.

त्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी बियाणे असायचे, आणि बरोबर १२० ग्रॅमची एक छोटी पुडी. पुडीत बिगरबीटी बियाणे. नियम असा होता की बीटीच्या भोवती बिगरबीटीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढे लावावे. इथे बसलेल्यांपैकी ती पुडी किती जणांनी लावली? हात वर करा. (तीन-चार हात वर.) बाकीच्यांनी बांधावर फेकली, नाही तर तुटाळ भरायला वापरली. ते साहजिक होते. दोन एकरवाल्याला पाचवा हिस्सा अळीला सोडून द्यायला सांगायचे, पुडीतल्या बियाण्याच्या दर्जाविषयी तक्रारी होत्याच, आणि ते का लावायचे हे कोणी सांगायचे नाही! पाकिटातल्या घडीपत्रकात बारीक अक्षरात लिहिले होते म्हणतात. घडीपत्रक वाचून शेती करणारा शेतकरी आम्हाला अजून भेटायचा आहे.

का लावायचे, ते आता ऐका. लाखो अळ्यांत एखादी अशी जन्मते की तिला बीटीचे विष बाधत नाही. बाकीच्या मरतात, ही जगते, तिचा पतंग होतो. त्याला जोडीदार कुठून मिळणार? सगळीकडे बीटीच असेल तर जोडीदारही वाचलेल्यांपैकीच असणार. दोन वाचलेल्यांची सोयरीक झाली की सगळी पिलावळ वाचणारी निपजते. पण शेजारी पाच ओळी बिगरबीटीच्या असतील तर तिथे साध्या अळ्यांचे शेकडो पतंग असतात. वाचलेल्याची सोयरीक त्यांच्यात होते, आणि त्या जोडीची पोरे बहुधा बीटी खाऊन मरतात. कारण हा गुण दबका असतो, दोन्हीकडून आला तरच उठतो. म्हणजे त्या पाच ओळी अळीसाठी सोडलेले दान नव्हते. ते बीटीचे आयुष्य वाढवण्यासाठी घातलेले कुंपण होते. शिवाय ते एकट्याने घालून भागणारे नव्हते. पतंगाला सातबारा कळत नाही. गावाने मिळून लावले तरच त्याचा उपयोग. बीटीचे तंत्रज्ञान पाकिटातल्या मोठ्या भागात अर्धेच होते. उरलेले अर्धे छोट्या पुडीत आणि गावाच्या एकमतात होते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी आले. २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला जुमानत नसल्याचे जाहीर झाले. २०१७ मध्ये आपल्याकडे वेचणीला गेलेल्या बायांनी बोंड फोडले तर आत किडका, पिवळा पडलेला कापूस. बाजारात कवडी म्हणून त्याचा भाव पाडला. उभ्या पऱ्हाटीत लोकांनी नांगर घातले. फरदड मार्चपर्यंत ठेवल्यामुळे अळीला वर्षभर घर मिळाले, हेही कारण होतेच. पण ओलित आहे, भाव बरा आहे, तर शेतकरी फरदड ठेवणारच. त्याला कोणी अळीचे कालचक्र समजावून दिले होते?

यावर सरकारने काय केले? छोटी पुडी बंद केली आणि बिगरबीटी बियाणे पाकिटातच मिसळायला परवानगी दिली. सोयीचे आहे, गुलाबी अळीपुरते शास्त्रालाही धरून असेल. पण त्यामागचा विचार बघा. शेतकऱ्याला कारण सांगणे अवघड जाते, तेव्हा कारण सांगायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करू! अठरा वर्षे पुडी दिली, कारण दिले नाही, आणि शेवटी पुडीही काढून घेतली. ज्या व्यवस्थेला आपल्या माणसांना एक कारण समजावून सांगता येत नाही, तिने शिक्षणावर केलेला खर्च नेमका कुठे जातो, हा प्रश्न आम्हाला पडतो.

तीनास एक

तर शाळेत जाऊन बघू. आपली पोरे नववी-दहावीत मेंडेलचे वाटाणे शिकतात. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, त्यांचा संकर, पहिल्या पिढीत सगळे उंच, दुसऱ्या पिढीत तीन उंच आणि एक बुटका. तीनास एक. प्रश्न हमखास येतो, आकृती काढली की गुण मिळतात. ज्या पोराला हे पाठ आहे त्याच्या बापाच्या शेतात, एकेका बोंडात, तोच तीनास एक बसलेला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही!

आपल्याकडे बीटी जनुक संकरित वाणात आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलियात ते सरळ वाणांत आहे; तिथे बोंडातल्या प्रत्येक सरकीत जनुक असते. आपल्या संकरित झाडाला ते आईबापांपैकी एकाकडूनच मिळालेले असते, म्हणून त्या झाडाच्या बोंडातल्या सरकीत मेंडेलचा हिशेब लागतो. एका जनुकाच्या बीटीत चार सरक्यांपैकी साधारण एक बिनजनुकाची. गुलाबी अळी पाने खात नाही, ती बोंडात शिरून सरकी खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला विषारी सरकी आणि बिनविषारी सरकी, दोन्ही चाखायला मिळतात. थोडे थोडे विष पचवत पचवत ती सरावते. गुलाबी अळी आपल्याकडे इतक्या लवकर का निबरली, याचे एक मोठे कारण हे आहे, असे कपाशीचे जाणकार शास्त्रज्ञ सांगतात.

विचार करा. कर्जाचे, पोरीच्या लग्न मोडण्याचे, गाव सोडण्याचे कारण झालेली अळी. आणि तिचे अर्धे कोडे सोडवणारे गणित त्याच घरातल्या पोराच्या दप्तरात. दोघांची गाठ पडत नाही. गुरुजी शेतकऱ्याचेच पोर असतात, त्यांचा भाऊ कपाशी लावतो. पण वाटाणा परीक्षेला येतो आणि कपाशी येत नाही.

बरे, कृषी महाविद्यालयात तरी गाठ पडते का? आम्ही तिथेच शिकलो, तेव्हा बाहेरून बोलत नाही. शेवटच्या वर्षाची मुले एक सत्र गावात राहतात, त्याला कार्यानुभव म्हणतात. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते, चावडीपुढे रांगोळीत गावाचा नकाशा निघतो, सरपंचांच्या हस्ते नारळ फुटतो, फोटो निघतो, बातमी येते. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याने 'पोरा, माझ्या धुऱ्याकडच्या तुरीलाच मर का लागते?' असे विचारले तर अहवालात त्या प्रश्नासाठी रकाना नसतो. पदवी झाली की यातली कितीतरी मुले पुण्यातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेला बसतात. त्यांना दोष काय द्यायचा? ज्या शिक्षणात शेत हा फोटोची पार्श्वभूमी असतो, त्या शिक्षणातून माणूस शेताकडे पाठ करूनच बाहेर पडणार.

याच्या उलटचा माणूस आपल्याच विदर्भात होऊन गेला. चंद्रपूर जिल्ह्यातले नागभीड तालुक्यातले नांदेड गाव. दादाजी खोब्रागडे, शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ च्या सुमाराला धानाच्या बांधीत त्यांना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. रानडुकरांपासून राखल्या. पाच-सहा वर्षे हेच. बारीक, चवीचा, भरपूर उतारा देणारा तांदूळ निघाला. १९९० मध्ये एका व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले, एचएमटी. पुढे कृषी विद्यापीठाने त्याच बियाण्यावर काम करून १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. लाखो एकरांवर पसरलेल्या त्या तांदळाची मिळकत मात्र त्यांच्या घरी आली नाही. २०१८ साली ते गेले. त्यांच्याकडे यंत्र नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. 'ही लोंबी वेगळी का?' एवढा प्रश्न होता आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायची तयारी होती. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांचेही असेच. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी बागेतल्या वेगळ्या वेलीवरून तास-ए-गणेश निवडला. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांचा प्रयोग परिवार तर शेतकऱ्यांना एकमेकांचे प्रयोग पत्रातून कळवायला लावी. पोस्टकार्ड हेच त्यांचे विद्यापीठ होते.

लाल त्रिकोण

कारण न कळण्याची किंमत दरवेळी क्विंटलमध्ये मोजता येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती. अळी, तुडतुडे, पांढरी माशी, सगळेच आले होते. दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारणी चालली होती. खाली धरलेल्या नळीचा फवारा उंच पिकात तोंडावरच येत होता. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मेले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. बरेच जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे होते.

त्या प्रत्येक डब्यावर त्रिकोण होता. कायद्याने तो असावाच लागतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. विष पोटात गेले तर उतारा कोणता, तेही लिहिलेले असते. डॉक्टरला ते कळले तर माणूस वाचू शकतो. किती जण डबा बरोबर घेऊन दवाखान्यात गेले? आपल्या गावातल्या चौथी पास मुलीला नळाच्या तोटीचे चित्र ओळखता येते, वाहतुकीचा लाल दिवा पुस्तकात आहे. जो लाल त्रिकोण तिच्या घरात, पलंगाखाली, पाण्याच्या पिंपाजवळ ठेवलेला असतो तो पुस्तकात का नाही? जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर हे चार त्रिकोण रंगवले पाहिजेत, अशी मागणी आपण या मेळाव्यात ठरावाने करणार आहोत. रंगाचा खर्च जिल्हा परिषदेला झेपत नसेल तर तो आपण करू.

स्वातंत्र्य कशाचे?

दोन प्रकारचे लोक आम्हाला सल्ला द्यायला येतात. एकांना नवे सगळेच विष वाटते. त्यांचे बोलणे गोड असते, पोट शेतीवर नसते. दुसरे म्हणतात, जे नवे ते आणा, प्रश्न विचारू नका. पहिल्यांना आमचे सांगणे: कोणते बी पेरायचे हे ठरवायचा हक्क शेतकऱ्याचा. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी तणनाशकाला दाद न देणारी, मान्यता नसलेली कपाशी उघड पेरली, ती या हक्कासाठी. निंदणाला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, हे ज्याच्या शेतात घडते तोच ते जाणतो.

दुसऱ्यांना सांगणे जरा लांब आहे. ज्या बियाण्याला बिल नाही, त्यामागे कारणही मिळत नाही. चोरट्या पाकिटावर कोणते जनुक आहे, किती शुद्ध आहे, तणनाशक कधी आणि किती मारायचे, काहीच नसते. उगवले नाही तर तक्रार कुठे करणार? बंदीने तंत्र थांबत नाही, ते अंधारात जाते. ज्ञान मात्र बंदीने हमखास थांबते. म्हणून स्वातंत्र्य मागायचे ते पाकिटाचे आणि पाकिटामागच्या कारणाचे, दोन्हीचे एकत्र. वरंगळ जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांचा अभ्यास करून ग्लेन डेव्हिस स्टोन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने २००७ मध्ये दाखवले, की शेतकरी बियाणे निवडताना स्वतःच्या शेतातला अनुभव बाजूला ठेवून शेजाऱ्याच्या लाटेबरोबर जातात, कारण दरवर्षी बाजारात इतकी नवी नावे येतात की कशाचाही अनुभव जमायला वेळच मिळत नाही. एक वाण दोन हंगाम लावून पाहावा, तर तिसऱ्या वर्षी ते नावच गायब. आपल्या जिल्ह्यातले चित्र वेगळे नाही. शेतकऱ्याची अक्कल कमी झालेली नाही. अक्कल वापरायची जागा कमी झाली आहे.

मोबाईलवरच्या सल्ल्याचेही असेच बघावे लागेल. 'उद्या फवारा' असा संदेश आला आणि खाली का ते लिहिले नसेल, तर तो दुकानदाराच्या चिठ्ठीचाच नवा अवतार. 'काल पाचही सापळ्यांत मिळून अमुक पतंग सापडले, म्हणून फवारा' असे लिहिले असेल तर त्याच्याशी भांडता येते, त्याला तपासता येते. आम्ही यंत्राच्या बुद्धीला भीत नाही. कारण न सांगणारा सल्लागार माणूस असो की यंत्र, त्याला दारात उभे करू नका, एवढेच.

नोंदवही

हे कुठे करून पाहिले गेले आहे का? इंडोनेशियात झाले आहे. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातले होते. फवारणी वाढली तसे तुडतुडे वाढले, कारण औषधाने त्यांना खाणारे कोळी आधी मरत. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू केल्या. आठवड्यातून एक सकाळ, पंचवीसेक शेतकरी, बांधावर. रोप उपटायचे नाही, निरखायचे. कागदावर त्याचे चित्र काढायचे, एका बाजूला शत्रू किडी, दुसऱ्या बाजूला मित्र किडी. मग फवारायचे की नाही ते वाद घालून ठरवायचे. कोळी तुडतुडे खातो की नाही यावर भांडण झाले तर दोघांना एका बरणीत ठेवून सकाळी बघायचे. शेतीशाळा हा शब्द आपल्या कृषी खात्याकडेही आहे. पण बऱ्याच ठिकाणी शाळा म्हणजे भाषण, हजेरीपत्रक आणि चहा. बरणी कुठे दिसत नाही.

तेव्हा या खरिपात आपण काय करणार ते सांगतो आणि बसतो. ज्या गावात आपली शाखा आहे तिथे एक कपाशीचे शेत निवडायचे. पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. रोज सकाळी पतंग मोजायचे, आणि हे काम गावातल्या शाळेच्या नववीच्या मुलामुलींना द्यायचे. गुरुजींना आम्ही स्वतः येऊन भेटू. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, त्याआधी नाही. पाती-फुले लागली की मुलांनी डोमकळ्या शोधायच्या, तोडायच्या, फोडून आतली अळी बघायची. एका मुलीने तरी बोंडातली सरकी आणि मेंडेलचा वाटाणा यांची गाठ वर्गात फळ्यावर घालून दाखवावी. शेताचा एक पट्टा दुकानाच्या सल्ल्याने फवारायचा, दुसरा पतंगांच्या आकड्यावरून. दोन्हीचा खर्च आणि दोन्हीचा कापूस वेगळा मांडायचा. फरदड ठेवायची की डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढायची, हे त्या आकड्यांकडे बघून गावाने एकत्र बसून ठरवायचे. नोंद ठेवायचे काम घरातल्या बाईकडे द्या, असे आमचे खास सांगणे आहे. चाड्यावरून उतरलेली मूठ निदान वहीवर तरी टेकू द्या.

सापळ्यातली गोळी पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला, आणि बदलताना तंबाखू मळलेला हात लावू नका. वही जाड पुठ्ठ्याची घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पावसाचे दिवस आहेत. दिवाळीनंतरच्या बैठकीला प्रत्येक शाखेने ती घेऊन यायची आहे. ज्यांच्या सापळ्यात एकही पतंग आला नाही त्यांनीही.